कुलूपबंद घराच्या ओट्यावर घेतलेली शांतता

अमावास्येच्या आसपास आमच्या डेस्कवर हमखास एखादी तशी बातमी यायची. अमुक विहिरीवर बाई दिसते, तमुक वळणावर गाडी आपोआप बंद पडते... नगरच्या एका दैनिकात मी बरीच वर्षं उपसंपादक होते. अशी कॉपी आली की मी वार्ताहराला फोन लावायचे — पाहिलं कुणी? त्याचं नाव काय? दुसरा साक्षीदार आहे का? पलीकडून ‘लोक म्हणतात, मॅडम’ एवढंच उत्तर आलं की कॉपी टोपलीत जायची. या विषयावर माझं तेव्हा जे मत होतं, तेच आज आहे. भुतंखेतं, संकेत, टेलिपथी — यातलं काही मी मानत नाही.

तरीही हे लिहिते आहे. कारण इथे साक्षीदार आहेत, मी स्वतः त्यातली एक आहे, आणि एक ऑडिओ फाइल आहे. अर्थ लावायचा प्रयत्न मी केला. जमला नाही. जे घडलं ते ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने मांडते. ज्या मुलीची ही गोष्ट ती तेव्हा अल्पवयीन होती, म्हणून नावं बदलली आहेत आणि दोन्ही गावांची नावं दिलेली नाहीत.

पहिलं गाव पाथर्डी तालुक्याच्या पूर्वेकडचं, डोंगराला टेकलेलं. बाजरी, तूर, थोडा कापूस, तोही पावसाने दिला तर. दसरा झाला की गावात ट्रॅक्टर आणि टेम्पो लागतात आणि निम्मं गाव ऊसतोडीला निघतं. कुणी कोपरगावकडे, कुणी कोल्हारकडे, कुणी पार कर्नाटकात. मागे उरतात म्हातारी माणसं, काही शाळकरी मुलं आणि कुलपं. दिवाळीनंतर त्या गावात भरदुपारी चालत गेलं तर आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येतो.

नोकरी सोडल्यावर मी एका लहान संस्थेसाठी इथे काम सुरू केलं. नववी ते अकरावीच्या मुलांनी आपल्या गावातला एक प्रश्न निवडायचा आणि त्यावर स्वतः डॉक्युमेंटरी करायची. प्रश्न त्यांचा, कॅमेरा त्यांच्या हातात. मी शिकवायचं आणि बाजूला व्हायचं. आमच्या गटात तिघं टिकले. ओंकार कॅमेरा करायचा. दीपाली प्रश्न विचारायची. तिच्यासमोर सरपंचांनाही घाम फुटायचा. आणि ऋतुजा — दहावी झालेली, सोळा वर्षांची, कमी बोलणारी — तिच्याकडे आवाज होता. म्हणजे रेकॉर्डर, हेडफोन आणि माइक.

विषय ठरवायच्या दिवशी ओंकार म्हणाला, “प्लास्टिकवर करू. सोपं हाय.”

“ओम्या, तुझ्या दारापुढचा उकिरडा आधी काढ, मग फिल्म काढ,” दीपाली म्हणाली.

सगळे हसले. ऋतुजा हसली नाही. ती म्हणाली, “आपल्या वर्गातल्या पोरी कुठं गेल्या, त्याच्यावर करू.”

त्यानंतर कुणी दुसरा विषय काढला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऊसतोडीत मजूर जोडीने धरला जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा मुलगा म्हणजे अर्धा कोयता. मुकादम त्याला टोळीत घ्यायला कुरकुरतो. म्हणून हंगामाच्या तोंडावर लग्नं उरकली जातात. मुलाला जोडी मिळते, आणि मुलीच्या आई-बापाची एक काळजी मिटते, कारण सहा महिने उसाच्या फडात राहायचं तर वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची? ऋतुजाचे वडील एकदा स्वतः मला म्हणाले होते, “ताई, पोरगी हुशार हाय, मला का कळत न्हाई? पन एकटी ठेवली तर घोर, संगं नेली तर घोर.” ते वाईट माणूस नव्हते. हे मला इथे नोंदवायला हवं.

आता त्या शांततेबद्दल. फिल्मच्या कामात एक साधी पद्धत असते. जिथे शूटिंग केलं तिथली नुसती शांतता वेगळी रेकॉर्ड करून ठेवायची. एडिटिंगमध्ये दोन वाक्यांच्या मधे ती भरावी लागते, नाहीतर आवाज तुटल्यासारखा वाटतो. इंग्रजीत याला रूम टोन म्हणतात. आमच्या पोरांनी त्याचं नाव ठेवलं ‘शांतता घेणं’. सुरुवातीला फाइलींची सरमिसळ झाली — शाळेची शांतता विहिरीला लागली — म्हणून मी नियम केला. बातमीच्या सुरुवातीला ठिकाण आणि तारीख सांगणारी डेटलाइन असते, तशी शांततेलाही हवी. आधी बोलायचं: जागा कोणती, ऐकू काय येतंय, आवाज घेणारा कोण. मग गप्प बसायचं. शेवटी म्हणायचं, ‘शांतता संपली.’ ते म्हटल्याशिवाय कुणी हलायचं नाही, खोकायचं नाही.

दीपालीला हे अजिबात जमायचं नाही. शांतता सुरू झाली की तिला हसू यायचं. ओंकारचं पोट वाजायचं, मग तिला आणखी हसू. ऋतुजा मात्र डोळे मिटून बसायची. तापलेला पत्रा सावली आल्यावर वेगळा तडतडतो, हे तिने मला सांगितलं. एकदा शाळेच्या स्वयंपाकघराची शांतता घेताना ती म्हणाली, “जागा — शाळेची किचन शेड. ऐकू येतंय — नळ, मुंग्यांनी धरलेला डबा कुनीतरी सरकवला. वास — फोडनीचा.”

मी तिला थांबवलं. “अगं, वास रेकॉर्ड होत नाही. वास सांगायचा नाही.”

“पन मला ऐकताना जागा आठवंल ना, ताई.”

पुढेही ती वास सांगत राहिली आणि मी कापत राहिले.

दसऱ्यानंतर टोळ्या निघायला सुरुवात झाली. एका सकाळी मी गावात पोहोचले तेव्हा पारावर दोघंच होते. दीपालीचा चेहरा उतरलेला होता.

“ऋतुजा कुठाय?”

“घराला कुलूप हाय,” ओंकार म्हणाला. “काल दुपारी तर इथंच हुती. माझ्या बॅगेत हेडफोन ठेवून गेली.”

आम्ही तिच्या घरी गेलो. दाराला कुलूप, ओट्यावर उलटी घातलेली बादली. शेजारच्या दारात तिची चुलती शेंगा निवडत बसली होती.

“कुठे गेले सगळे, वहिनी?”

“ते गेले कारखान्यावर. टोळी लवकर उठली औंदा.”

“आणि ऋतुजा?”

“ती मावशीकडं ऱ्हायली.” ती सुपातून वर पाहत नव्हती.

“कोणत्या गावाला?”

“आता मला काय ठाऊक, बाई. माहेराकडली मानसं.”

रस्त्यावर आल्यावर दीपालीने माझी बाही धरली. “ताई, मावशीच न्हाई तिला. तिच्या आईला बहीनच न्हाई. एक मामा हुता, तो बी वारला.”

 त्या चुलतीच्या सुपातल्या शेंगांचा आवाज तेवढा येत होता.

मी तिच्या वडिलांना फोन लावला. बंद. आईचा बंद. मुकादमाचा नंबर ओंकारच्या काकांकडून मिळाला. त्याने उचलला, माझं नाव ऐकलं आणि ठेवून दिला. मग गावचे ग्रामसेवक. बालविवाह थांबवण्याची जबाबदारी कायद्याने त्यांच्यावर आहे, आणि ते टाळणारे गृहस्थ नव्हते. पण त्यांनी विचारलं ते बरोबरच होतं. “ताई, लग्न हाय हे कुनी सांगितलं? कुठल्या गावात? कधी? टोळ्या चार जिल्ह्यांत पांगल्यात. गाव सांगा, मी या मिनिटाला पुढं कळवतो. गावाशिवाय मी कुनाला उठवू?”

चाइल्ड हेल्पलाइनवरच्या बाईंनीही तेच विचारलं. त्यांनी तक्रार घेतली आणि म्हणाल्या, ठिकाण कळलं की लगेच फोन करा.

ठिकाण. एवढी एकच गोष्ट हवी होती आणि ती कुठूनही मिळत नव्हती. दुपारपर्यंत आम्ही गावात अनेकांना विचारलं. ज्यांना माहीत नव्हतं ते हळहळले. ज्यांना माहीत असावं, ते पाणी घेता का म्हणाले. एकदा लग्न लागलं की ऋतुजा फडावर जाणार, हातात कोयता येणार, आणि पुढच्या वर्षी कदाचित कडेवर पोर. शाळा, रेकॉर्डर, काही नाही. हे आम्ही फिल्ममध्ये चार मुलींकडून ऐकलं होतं. त्या चारही मुलाखतींचा आवाज तिनेच घेतला होता.

मी मुलांना म्हटलं, आज शूटिंग नको. दीपाली उसळली. “का नको? आज नको म्हनलं की उद्या बी नको. तिच्या घराचा शॉट घ्यायचा. कुलपाचा. ओम्या, काढ कॅमेरा.”

ऊन कडक होतं. चुलतीचं दार आता बंद होतं. ओंकारने कुलपाचा शॉट घेतला, बादलीचा घेतला. मग दीपालीने हेडफोन डोक्याला लावले. आवाजाचं काम तिने पहिल्यांदाच हातात घेतलं होतं. ती ओट्यावर मांडी घालून बसली, रेकॉर्डर समोर ठेवला, बटण दाबलं. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते.

“शांतता,” ती म्हणाली. “जागा — ऋतुजाचं घर, बाहेरचा ओटा. ऐकू येतंय — चिमन्या. लांब ट्रॅक्टर. आवाज घेनारी — दीपाली.”

आणि गप्प बसली. या वेळी तिला हसू आलं नाही.

थोडा वेळ गेला. मी तिच्याकडेच पाहत होते, म्हणून हे खात्रीने सांगते — तिच्या चेहऱ्यावरचा रंग माझ्या डोळ्यांदेखत उतरला. तिने दोन्ही हातांनी हेडफोन कानावर दाबले. मग वळून त्या कुलपाकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाली, “कोन हाय?”

“गप की!” ओंकार ओरडला. “बिघडवलंस ना!”

दीपालीने हेडफोन ओढून काढले आणि माझ्यापुढे धरले.  मी ते कानाला लावले.

पहिल्यांदा जाणवलं ते असं की चिमण्या नव्हत्या. मी ओट्यावर उन्हात बसले होते, समोर तारेवर चिमण्या दिसत होत्या, चोची उघडत होत्या... आणि कानात बंद खोली होती. बंद खोलीचा आवाज ज्याने रेकॉर्डिंग केलंय त्याला कळतो. त्या खोलीत कुणीतरी श्वास घेतला आणि खालच्या, सपाट आवाजात म्हणालं —

“ऋतुजा. आवाज घेनारी — ऋतुजा.”

त्यानंतर एक खरखर, आणि पुन्हा चिमण्या.

मी रेकॉर्डिंग थांबवलं. घरात कुणी आहे का, ते आधी पाहिलं. ओंकारने मागच्या बाजूने जाऊन खिडकीच्या फटीतून बघितलं. आत रिकामी चूल आणि गुंडाळलेली गोधडी. मग फाइल पहिल्यापासून लावली. रेकॉर्डरच्या बारक्या स्पीकरवर, तिघांनी डोकी एकत्र आणून ऐकली.

दीपालीची घोषणा. चिमण्या, ट्रॅक्टर. मग कुणी दार लावून घ्यावं तसे ते आवाज गेले, आणि ऋतुजा बोलायला लागली. रडत नव्हती. नेहमी बोलायची तशीच, एकेक शब्द सुटा.

“शांतता. जागा — पत्र्याची खोली. खिडकी न्हाई. वास — खताच्या गोन्यांचा. ताई म्हनत्यात वास सांगायचा न्हाई. ऐकू येतंय — बाहेर मांडवाचे बांबू रोवायलेत. सकाळी घंटागाडी आली हुती, तिच्या भोंग्यावर गावाचं नाव घेतलं.” इथे तिने गावाचं नाव सांगितलं. कोपरगाव तालुक्यातलं, गोदावरीच्या काठचं. “मागं रेल्वे हाय. पुलावर चढली की तिचा आवाज पोकळ हुतो.”

मग थोडी शांतता. मग दीपालीचा प्रश्न, “कोन हाय?” मग ऋतुजाचं नाव.

‘शांतता संपली’ हे वाक्य फाइलमध्ये नव्हतं.

ओंकार म्हणाला, “जुनी फाइल असंल. कार्डात राहिलेली.”

“कार्ड कुणी पुसलं?” मी विचारलं.

“मीच. सकाळी,” तो म्हणाला, आणि स्वतःचंच वाक्य ऐकून ओट्यावर बसला.

मी हे वर्तमानपत्रात छापलं असतं का? नाही. वार्ताहराने हे पाठवलं असतं तर मी त्याला रजेवर पाठवलं असतं. माझ्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं तेही सांगते. माहिती चुकीची निघाली, पोलीस भलत्याच घरात शिरले, तर या गावातलं एकही घर पुन्हा आपली मुलगी आमच्याकडे पाठवणार नाही. उरलेल्या मुलींचा एकमेव कोपरा जाईल. आणि सोर्स काय सांगणार?

“ताई,” दीपाली म्हणाली, “तुमची बातमी नंतर तपासा. आधी फोन लावा.”

मी लावला. हेल्पलाइनवर त्याच बाई होत्या. मी गाव सांगितलं.

“माहिती कुणाकडून मिळाली?”

“मुलीकडून.”

“तिने फोन केला?”

“आवाज तिचाच आहे. मी ओळखते.”

“ती आत्ता कुठे आहे, काही सांगितलं?”

“पत्र्याची खोली, खिडकी नाही. आत खताच्या गोण्या. जवळ रेल्वेचा पूल.”

एवढंच बोलणं झालं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आजही त्यातलं खोटं वाक्य मला सापडलेलं नाही.

मग वाट पाहणं. आम्ही तिथून निघू शकत होतो, पण अंतर एवढं होतं की पोहोचेपर्यंत सगळं होऊन गेलं असतं. तिघंही त्या ओट्यावरच बसून राहिलो. फोन वाजला तो त्या गावच्या पोलीस पाटलांचा. त्यांना आमचा नंबर दिला गेला होता. माणूस घाईत आणि वैतागलेला.

“मॅडम, गावात लग्न न्हाई. मी गावातलाच हाय, मला ठाऊक असतं. कुनी दिली ही खबर?”

“गावठाणात नसेल. रेल्वेच्या पुलाकडे वस्ती आहे का?”

“हाय एक. टोळीवाले उतरल्यात तिथं. पन ते काल रातच्यालाच आलेत.”

“तिथे बघा. कृपा करून.”

फोन बंद झाला. दीपाली नखं खात होती. ओंकारने हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली, गुंडाळली. पुन्हा फोन.

“मॅडम, मांडव हाय. पन मानसं म्हनत्यात गोंधळाचा हाय. देवाचं कार्य. पोरगी-बिरगी कुनी न्हाई म्हनत्यात. संगं ग्रामसेवक हायेत, एक लेडीज पोलीस बी हाय. सगळं बघितलं आमी. आता देवाच्या कार्यात कितीदा विचारायचं?”

मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. कुणीतरी चढ्या आवाजात म्हणत होतं, गरिबाच्या दारात उगं पोलीस आनलं. तो आवाज मी ओळखला. ऋतुजाचे वडील.

“पत्र्याची खोली बघा,” मी म्हटलं. “खिडकी नसलेली. खताच्या गोण्या असतील आत.”

“ती मळेवाल्याची हाय. गोडाऊन हाय ते.”

“दार बघा फक्त.”

चालण्याचा आवाज आला. गलका एकदम कमी झाला... आणि तो कमी झाला तेव्हाच मला कळलं की खोली सापडली आहे. पाटील थांबले. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

“मॅडम,” ते वेगळ्याच आवाजात म्हणाले, “कडी बाहेरून लावलेली हाय.”

कडी काढल्याचं ऐकू आलं. त्याच वेळी फोनमध्ये मागून रेल्वे गेली. मधेच तिचा आवाज पोकळ झाला. ओट्यावर बसलेल्या आम्हा तिघांनाही तो ऐकू आला, कारण फोन स्पीकरवर होता. दीपालीने डोळे मिटले. मग लेडीज पोलिसाचा आवाज — “ये बाळा, बाहेर ये. नाव काय तुझं?”

पुढचं नेहमीच्या मार्गाने झालं. बालकल्याण समितीपुढे ऋतुजाला नेलं, तिने शिकायचंय असं सांगितलं, वडिलांकडून लेखी हमी घेतली. काही दिवस ती नगरला मुलींच्या निवासात होती, नंतर वसतिगृहात प्रवेश मिळाला. मी भेटायला गेले तेव्हा तिच्या अंगावर अजून हळदीचे डाग असलेला ड्रेस होता. धुतला तरी निघत न्हाईत, म्हणाली.

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. साक्षीदाराला आधी माहिती द्यायची नाही, ही जुनी सवय. फक्त विचारलं, “त्या खोलीत तू काय करत होतीस?”

ती ओशाळली. “हसाल तुमी.”

“नाही हसणार.”

“शांतता घेत हुते. लई भ्या वाटलं की तेवढंच सुचायचं. हातात काय न्हवतं. अशी मूठ धरली हुती, रेकॉर्डर धरल्यावानी.” तिने मूठ तोंडासमोर धरून दाखवली. “जागा सांगितली, काय ऐकू येतंय ते सांगितलं. वास बी सांगितला.”

“मग?”

“मग नाव सांगायचं राहिलं. दीपीनं विचारलं, तवा सांगितलं.”

“दीपाली तिथे नव्हती, ऋतुजा.”

“मला ठाऊक हाय, ताई,” ती शांतपणे म्हणाली. “पन ‘कोन हाय’ म्हनून तिनंच विचारलं. बाहेरून न्हाई. आतून. माझ्या शेजारून.”

तेव्हा मी बॅगेतून रेकॉर्डर काढला आणि तिला हेडफोन दिले. तिने डोळे मिटून सगळं ऐकलं. शेवटी हेडफोन काढले, हातात धरून बसली. 

खुलाशांबद्दल. नगरमधल्या एका अनुभवी साउंड इंजिनिअरला मी फाइल ऐकवली, कशाची आहे ते न सांगता. त्याने विचारलं, “या दोन जागा जोडल्या कुणी? एक उघडी आहे, एक पत्र्याची बंद खोली. पण जोड कुठाय? मला जोड सापडत नाही.” दुसरी शक्यता मला स्वतःला जास्त पटणारी होती. ऋतुजाने कुणाच्या तरी मोबाईलवरून दीपालीला कळवलं असेल, आणि मैत्रिणीने कळवलं हे तिच्या घरच्यांना समजू नये म्हणून दीपालीने हे रचलं असेल. रेकॉर्डिंग तिच्याच हातात होतं. मी तिला सरळ विचारलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

“ताई, मला जागा ठाऊक असती तर मी सकाळीच सांगितली असती. दुपारपतूर गावभर हिंडले असते व्हय?”

 शिवाय पहिली गोष्ट शिल्लक राहतेच. तारेवरच्या चिमण्या मला दिसत होत्या आणि ऐकू येत नव्हत्या. ते मी स्वतः अनुभवलं आहे.

फिल्म पूर्ण झाली. शाळेच्या हॉलमध्ये दाखवली तेव्हा ऋतुजाची चुलती मागच्या रांगेत उभी होती, शेवटपर्यंत थांबली. ती फाइल आम्ही फिल्ममध्ये वापरली नाही. तो निर्णय माझा नव्हता, तिघांनी मिळून घेतला. जिचा सोर्स सांगता येत नाही ती गोष्ट डॉक्युमेंटरीत नको, असं ओंकार म्हणाला. मीच शिकवलं होतं.

मी फक्त एक सुचवलं. त्या फाइलला शेवट नव्हता, ते माझ्या संपादकी नजरेला खुपत होतं. मी ऋतुजाला म्हटलं, तेवढं ‘शांतता संपली’ आत्ता म्हणून टाक, फाइल नीट बंद होईल.

तिने मान हलवली. “राहू द्या, ताई. मी बोलले तवा कुनीतरी ऐकत हुतं. दुसरी कुनी बोलत असंल तर?”

यंदाही दसऱ्यानंतर घरांना कुलपं लागली. ऋतुजा सुट्टीला गावी आली होती, दीपालीच्या घरी राहिली. दोघी दुपारच्या उन्हात एकेका बंद घराच्या ओट्यावर बसायच्या. ऋतुजा जागा सांगायची, काय ऐकू येतंय ते सांगायची, वास सांगायची. मी आता तो कापत नाही. मग दोघी गप्प. आजवर चिमण्या, वारा आणि लांबच्या ट्रॅक्टरशिवाय काही ऐकू आलेलं नाही. जे एकदा ऐकू आलं ते कसं, हे मी शोधून पाहिलं; मला माहीत नाही. मी एवढंच नोंदवते की दोघी उठून पुढच्या ओट्याकडे जातात तेव्हा शेवटचं वाक्य म्हणत नाहीत, आणि मीही त्यांना म्हणायला सांगत नाही.